निजामाचे हजार पौंड आणि दाताची खुर्ची

परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. भूल द्यायचं ईथर ३४.६ अंशांना उकळतं. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी ईथरच्या बाटलीचं बूच काढलं की रुग्णाच्या नाकापर्यंत पोचण्याआधीच निम्मं औषध खोलीभर पसरणार. शिवाय ते पेट घेतं. कंदिलाच्या उजेडात रात्री ऑपरेशन करायचं तर ही भीती वेगळीच. क्लोरोफॉर्मचं तसं नाही. ते ६१ अंशांना उकळतं, पेट घेत नाही, वास गोडसर असतो, आणि एवढ्याशा बाटलीत दहा-वीस रुग्णांचं काम होतं. बैलगाडीने आणि घोड्यावरून औषधं पोचायच्या काळात दख्खनच्या दवाखान्यांनी कोणतं औषध निवडलं असेल, हे सांगायला फार मोठा इतिहास उकरावा लागत नाही.

उकरण्यासारखं आहे ते पुढचं. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६० च्या दशकात जिल्हाबंदी केली, तेव्हा औरंगाबाद, बीड, नांदेडबरोबर हाही जिल्हा उभा राहिला. आणि क्लोरोफॉर्म जीव घेतं की नाही, घेत असेल तर कसं, यावर जगातलं सर्वांत गाजलेलं भांडण याच राज्याच्या राजधानीत, निजामाच्या खजिन्यातून आलेल्या पैशावर लढलं गेलं. त्या भांडणात दात उपटण्याचे प्रयोगही झाले. आज दाताच्या दवाखान्यात माणूस बसल्याबसल्या विचारतो, 'डॉक्टर, घरी कधी जाता येईल?' हैदराबादेत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिथला प्रश्न होता, माणूस मरतो तेव्हा आधी काय थांबतं, हृदय की श्वास.

भूल देण्याची सगळी विद्याच दातांपासून सुरू झाली, हे ध्यानात ठेवलं की पुढचा गुंता सोपा होतो. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा दंतवैद्य होरेस वेल्स १८४४ च्या डिसेंबरात नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे लोकांना हसवणाऱ्या वायूचा, तमाशा पाहायला गेला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्याला पत्ताच लागला नाही, हे वेल्सने टिपलं. दुसऱ्याच दिवशी त्याने तोच वायू हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. १८४५ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांपुढे त्याने प्रयोग करून दाखवला तेव्हा रुग्ण ओरडला आणि वेल्सची फजिती झाली. त्याचा जुना भागीदार विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्यच, याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात ईथर यशस्वी करून दाखवलं. पुढच्या वर्षी एडिनबरोत जेम्स सिम्प्सनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरलं आणि ईथरचा घसा जाळणारा वास लोकांना नकोसा झाला.

हिंदुस्थानात या बातम्या येऊन धडकायला वेळ लागला नाही. २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईथर दिलं गेलं. १२ जानेवारी १८४८ रोजी तिथेच क्लोरोफॉर्मही आलं. त्याच जानेवारीत क्लोरोफॉर्मची दुसरी बाजू उघडी पडली. वेल्स स्वतःवरच प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेला होता. त्या धुंदीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांच्या अंगावर आम्ल फेकल्याबद्दल त्याला अटक झाली, आणि २४ जानेवारीला कोठडीत क्लोरोफॉर्म हुंगून त्याने मांडीची रक्तवाहिनी कापून घेतली. चारच दिवसांनी, २८ तारखेला, इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या विन्लेटन गावात हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने काही मिनिटांत गेली. धडधाकट मुलगी आणि किरकोळ ऑपरेशन. मरायचं काही कारणच नव्हतं.

तिथून दोन तट पडले. लंडनचा जॉन स्नो, कॉलऱ्याचा माग काढणारा तोच तो, म्हणत होता की क्लोरोफॉर्मची वाफ हवेत किती टक्के आहे हे मोजून दिली पाहिजे, कारण जास्त झाली तर ती थेट हृदय बंद पाडते. एडिनबरोची मंडळी, विशेषतः जेम्स साइम हा शल्यविशारद, सांगत होती की मोजमापाची यंत्रं नकोत, रुमाल पुरे. नाडी धरून बसू नका, श्वासाकडे बघा. श्वास नीट चालला तर हृदय आपलं काम करतं. दोन्ही बाजूंचे लोक रोज रुग्ण हाताळत होते, त्यामुळे कुणालाच 'तुम्हाला काय कळतं' म्हणून उडवून लावता येत नव्हतं. १८६४ मध्ये लंडनमध्ये एक समिती बसली, १८८० च्या आसपास ग्लासगोत आणखी एक बसली. ग्लासगोवाल्यांनी हृदयाकडेच बोट दाखवलं.

खेड्यापाड्यांत तोवर दात उपटणं ही न्हाव्याची, वैदूची किंवा गावातल्या एखाद्या धीट म्हाताऱ्याची कामगिरी होती. ठणकणाऱ्या दाढेत लवंग किंवा हिंग दाबायचं, भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी घ्यायची म्हणजे दाताची कीड पडते, अशी समजूत. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरंच दात बधिर करतं, म्हणून ते आजही दंतवैद्याच्या कपाटात आहे. धुरीतून पडणारी कीड मात्र बहुतेक बियांमधल्या अंकुराचेच तुकडे असावेत. दाढ उपटताना दोघांनी खांदे धरायचे, एकाने डोकं, आणि काम मिनिटाच्या आत. भूल वगैरे काही नाही, त्यामुळे 'शुद्धीवर यायला' वेळही लागत नसे.

एडवर्ड लॉरी हा साइमचा शिष्य. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला हा डॉक्टर १८८५ मध्ये हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आला आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचा प्रमुख झाला. ही शाळा १८४६ सालची. तिथलं शिक्षण उर्दूतून चाले, बाहेर पडणाऱ्यांना 'हकीम' ही पदवी मिळे, आणि राज्यातल्या दवाखान्यांना माणसं पुरवणं हे तिचं काम होतं. मराठवाड्यातल्या दवाखान्यांत सरकारी औषध आणि सरकारी चाकू पोचला तो या वाटेने. लॉरीने शिकवण्याची भाषा इंग्रजी केली आणि शाळेत मुलींना घेतलं. त्यांच्यातली रूपाबाई फर्दूनजी ही पारशी तरुणी पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म देत राहिली. जगातली पहिली प्रशिक्षित महिला भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचं नाव घेतात. लॉरी हट्टी होता, दुसऱ्याचं ऐकून घेणं त्याला जमत नसे, पण मुलींच्या हाती क्लोरोफॉर्मची बाटली देण्याइतका तो काळाच्या पुढे होता, हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

लॉरीचा दावा साधा होता: आपण हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिलं, एकही दगावला नाही, कारण आपण साइमच्या पद्धतीने श्वासावर नजर ठेवतो. तो सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये त्याने पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमायला लावला. शे-दीडशे कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारलं गेलं. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाला हे पटलं नाही. पूर्वीचे सगळे पुरावे एका दूरच्या संस्थानातल्या कुत्र्यांमुळे कसे खोटे ठरतील, असा संपादकांचा सूर होता. लॉरी चिडला. मग आपला माणूस पाठवा, आम्ही पैसे देतो, असं आव्हान त्याने दिलं. सहावा निजाम महबूब अली खान तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याने 'लॅन्सेट'च्या प्रतिनिधीसाठी हजार पौंड मंजूर केले. त्या काळी ही रक्कम छोटी नव्हती. एखाद्या वैद्यकीय वादासाठी राजाने परक्या साप्ताहिकाला आमंत्रण द्यावं आणि खर्चही करावा, असं दुसरं उदाहरण सहज सापडणार नाही.

'लॅन्सेट'ने पाठवला तो माणूस लहानसहान नव्हता. थॉमस लॉडर ब्रंटन हे औषधशास्त्रातलं मोठं नाव, हृदयशूळावर अमिल नायट्राइट वापरण्याची कल्पना त्याची. हैदराबादला निघताना तो हृदयवाल्यांच्या तटात होता. १८८९ च्या ऑक्टोबरात तो पोचला आणि दोन महिने ब्रंटन, लॉरी, बॉमफर्ड आणि रुस्तमजी हकीम यांच्या दुसऱ्या आयोगाने प्राण्यांवर प्रयोग केले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रंटनने लंडनला तार पाठवली: कुत्री, घोडे, माकडं, शेळ्या, मांजरं आणि ससे मिळून ४९० प्राणी वापरले, १२० प्रयोगांत रक्तदाबाची नोंद घेतली, आणि धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा जास्त मात्रेचा, हृदयाला थेट काही धोका नाही. लंडनमध्ये कुणी विश्वास ठेवेना. ज्याला विरोधी साक्षीदार म्हणून पाठवलं तोच फिर्यादीच्या बाजूने बोलायला लागला होता.

त्या प्रयोगांतला एक भाग दंतवैद्यांच्या कामाचा होता. दात काढताना क्लोरोफॉर्म दिलेले रुग्ण दगावतात, अशी तक्रार इंग्लंडात जुनी होती. भूल अर्धवट असते, तेवढ्यात दाताला हिसका बसतो, त्या धक्क्याने हृदय बंद पडतं, असं काहींचं म्हणणं होतं. आयोगाने हे तपासायचं ठरवलं. प्राणी नुसता गुंगीत असताना, पूर्ण बेशुद्ध होण्याआधीच त्याचे दात उपटले, नखं काढली, डोळ्याचे स्नायू कापले. अहवाल म्हणतो की रक्तदाब जरासा वर-खाली झाला, पण हृदय बंद पडल्याची खूणही कुठे दिसली नाही. हे वाचताना आजच्या माणसाच्या पोटात कालवतं. तेव्हाच्या वाचकांपैकी काहींच्याही कालवलं असेल. पण वैद्यकीय निष्कर्ष म्हणून त्यांनी लिहिलं ते हे की अर्धवट भुलीत दात काढणं जिवावर बेतत नाही.

हीच गोष्ट त्यांनी चुकीची लिहिली. अहवाल १८९१ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात छापला गेला, आणि दोन वर्षांत गॅस्केल आणि शोअर या इंग्रज शास्त्रज्ञांनी एका प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्याचं रक्त पुरवून दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयावर थेट परिणाम करतं. खरा उलगडा १९११ मध्ये झाला. गुडमन लेव्ही याने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्म थोडं असताना, म्हणजे गाढ भुलीत नव्हे तर हलक्या भुलीत, अंगात अॅड्रिनलिन वाढलं तर हृदयाचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही. भीती, वेदना, धडपड यांनी अॅड्रिनलिन वाढतं. दाताच्या खुर्चीत घाबरून बसलेला रुग्ण, दोन-चार हुंगण्या क्लोरोफॉर्म, आणि लगेच चिमटा. लेव्हीने सांगितलेली सगळी कारणं एकाच जागी जमलेली. हैदराबादच्या मंडळींनी नेमका हाच प्रसंग प्रयोगशाळेत उभा केला होता, पण बहुतेक कुत्र्यांवर. शिवाय हृदयाची विद्युत नोंद घेणारं यंत्र त्यांच्याजवळ नव्हतं. मरण्याची घटना क्वचितची होती, आणि क्वचितची गोष्ट पाचशे प्राण्यांत दिसलीच पाहिजे असं नाही.

तरी लॉरीचे सगळे नियम टाकाऊ ठरले नाहीत. रुग्णाला उताणं झोपवा, गळ्याजवळचे आणि छातीवरचे कपडे सैल करा, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवा, डोळ्याला हात लावल्यावर पापणी मिटली नाही की औषध थांबवा. त्याचे विद्यार्थी हे शिकून जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. कुठलंही यंत्र नसलेल्या दवाखान्यात या नियमांनी किती जीव वाचले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण वाचले असणार. सपाट झोपलेल्या माणसाच्या मेंदूला रक्त पुरतं. खुर्चीत बसवून भूल दिलेल्याचा रक्तदाब घसरला तर पुरत नाही. हे तत्त्व दंतवैद्यांना पुढे फार किंमत मोजून शिकावं लागलं.

इंग्लंड-अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी तोवर क्लोरोफॉर्मला बाजूला सारलं होतं, आणि त्याचं कारण मृत्यूइतकंच उठण्याच्या वेळेचंही होतं. वेल्सला तमाशा दाखवणारा कोल्टन हाच १८६३ पासून नायट्रस ऑक्साइड देऊन दात काढण्याचा धंदा करू लागला. १८६८ मध्ये पॅरिसमधला अमेरिकन दंतवैद्य थॉमस इव्हान्स याने लंडनच्या डॉक्टरांना तो वायू दाखवला. अर्धा मिनिट हुंगवायचं, मिळालेल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात दाढ काढायची, आणि दोन-तीन मिनिटांत रुग्ण टोपी घालून रस्त्यावर. क्लोरोफॉर्म घेतलेला माणूस तासभर पडून राही, ईथर घेतलेला तर संध्याकाळपर्यंत ओकत राही. खुर्ची मोकळी व्हायला हवी असेल तर कोणतं औषध निवडायचं, हे ठरून गेलं.

परभणीकडे मात्र नायट्रस ऑक्साइड येण्याचा प्रश्नच नव्हता. लोखंडी सिलिंडर आणि तो परत भरून आणण्याची व्यवस्था रेल्वेशिवाय शक्य नाही, आणि मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे या भागात आली १९०० च्या सुमारास. क्लोरोफॉर्मला जी सोय होती, तीच दुसऱ्या एका औषधाला मिळाली तेव्हाच इथल्या दातांचं नशीब पालटणार होतं. म्हणजे छोटी बाटली, साधी सुई, आणि कुठेही नेता येणारं.

ते औषध आलं सुन्न करणाऱ्यांच्या कुळातून. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने डोळ्यात कोकेन टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेडने खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचलं. खालची दाढ काढताना आजही सुई जवळजवळ तिथेच जाते. हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या आहारी गेला. व्यसनाचा धोका नसलेलं प्रोकेन १९०४-०५ मध्ये जर्मनीत आइनहॉर्नने तयार केलं, आणि हाइनरिश ब्राउनने त्यात थोडं अॅड्रिनलिन मिसळलं. अॅड्रिनलिनने त्या जागच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथेच जास्त वेळ टिकतं, रक्तही कमी येतं. क्लोरोफॉर्मबरोबर अॅड्रिनलिन जीव घेतं, आणि हेच अॅड्रिनलिन सुईतून हिरडीत गेलं तर दंतवैद्याचा सर्वांत जवळचा मित्र होतं. औषधांच्या जगात मित्र-शत्रू औषधागणिक बदलतात.

प्रोकेन काहींच्या अंगावर पित्त उठवी. १९४३ मध्ये स्वीडनचे नील्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन बनवलं, आणि १९४८ मध्ये ते बाजारात आलं. त्याच वर्षी भारतात दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा झाला, आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण परभणीच्या माणसाच्या दाताच्या दृष्टीने त्या एकाच बाजूने आल्या: नोंदणी झालेला डॉक्टर, बिनधोक इंजेक्शन, आणि पुढे महाराष्ट्रात सामील झाल्यावर औरंगाबादेत उभं राहिलेलं शासकीय दंत महाविद्यालय. परभणीतच आता सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. दोन टक्के लिग्नोकेन आणि त्यात ८०,००० भागांत एक भाग अॅड्रिनलिन, ही कुपी गावोगावच्या दवाखान्यात ठेवलेली असते. सुई टोचली, ओठ जड झाला, दाढ निघाली, कापूस दाबून माणूस चालत बाहेर. दातांच्या बहुतांश कामांपुरता वाद इथेच मिटला.

सगळ्यांपुरता नाही मिटला. तीन वर्षांचं मूल खुर्चीत तोंड उघडत नाही. मतिमंद रुग्णाला समजावता येत नाही. हाडात आडवी रुतलेली अक्कलदाढ फोडून काढायची असते. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने लिग्नोकेन नीट लागत नाही. शिवाय काहींना सुईचीच एवढी धास्ती असते की दाढ सडली तरी ते येत नाहीत. अशांना झोपवावं लागतं आणि त्याच दिवशी घरी पाठवावं लागतं. 'माणूस नीट उठतो कधी?' हा प्रश्न खऱ्या अर्थाने शास्त्राच्या टेबलावर आला तो यांच्यामुळे.

१९३४ मध्ये शिरेतून देण्याचं थायोपेंटोन आलं. दहा-वीस सेकंदांत झोप, आणि पाच-दहा मिनिटांत जाग. पण ही जाग फसवी असते. औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत जातं, शरीराबाहेर जात नाही, त्यामुळे माणूस बोलतो-चालतो आणि दिवसभर पेंगतो. मेथोहेक्सिटोन त्यापेक्षा लवकर ओसरे, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधल्या दंतवैद्यांचं ते आवडतं झालं. स्टॅन्ले ड्रमंड-जॅक्सन नावाच्या दंतवैद्याने ते थोडं थोडं पुनःपुन्हा देत खुर्चीतच दात भरण्याची पद्धत रूढ केली, त्यासाठी संस्था काढली, शेकडो दंतवैद्यांना शिकवलं. १९६९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक शोधनिबंध आला की या पद्धतीत श्वासमार्ग अडतो आणि ऑक्सिजन घसरतो. ड्रमंड-जॅक्सनने थेट बदनामीचा दावा ठोकला. १९७२ मध्ये न्यायालयात चाळीस दिवस साक्षी-पुरावे चालले आणि खटला निकालाविनाच संपला. शास्त्रीय वाद न्यायालयात नेला की काय होतं याचा हा नमुना. ऐंशी वर्षांपूर्वी लॉरीने राजाकडून पैसे मिळवले होते, यांनी वकिलांना दिले. मुद्दा दोन्हीकडे तोच, श्वास आणि हृदय. दंतवैद्य स्वतःच भूल देतो आणि स्वतःच दात काढतो ही ब्रिटिश चाल पुढे हळूहळू मोडत गेली. १९९० चा पॉस्विलो अहवाल तिच्या विरोधात गेला, आणि २००१ च्या अखेरीपासून तिथे पूर्ण भूल फक्त रुग्णालयातच देता येते.

त्या खटल्याच्या सुमारास जाग मोजायची कशी हे ठरू लागलं. तोपर्यंत 'रुग्ण शुद्धीवर आला' म्हणजे डोळे उघडले, नाव सांगितलं, झालं. १९७० मध्ये भूलतज्ज्ञ आल्ड्रेटीने हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि त्वचेचा रंग यांना शून्य ते दोन गुण द्यायचं कोष्टक मांडलं. दहापैकी नऊ गुण झाल्याशिवाय रुग्णाला भुलीच्या खोलीतून हलवायचं नाही. पण खोलीतून हलवणं आणि घरी पाठवणं वेगळं. अमेरिकेतला तोंडाचा शल्यविशारद नॉर्मन ट्रिगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दंतरुग्णांसाठी कागदावर ठिपके छापले आणि रुग्णाला ते पेन्सिलीने जोडायला लावले. किती ठिपके चुकले, रेघ किती वळली, यावरून गुंगी किती उरली ते कळतं. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीत हात थरथरला की जे दिसतं तेच इथे मोजायचं. नाव नीट सांगणारा माणूस ठिपक्यांवर मात्र घसरतो, असं पुनःपुन्हा दिसलं.

मग औषधांची तुलना या कसोट्यांवर सुरू झाली आणि १८८९ चा प्रश्न मागे पडला. १९५६ मध्ये आलेल्या हॅलोथेनची वाफ मुलांना सोपी वाटे, पण तेही क्लोरोफॉर्मसारखंच हृदयाला अॅड्रिनलिनबाबत हळवं करतं. मुलांचे दात काढताना त्याने हृदयाचे ठोके चुकतात हे लक्षात आल्यावर जपानमधून १९९० च्या दशकात आलेल्या सेव्होफ्लुरेनने त्याची जागा घेतली. केटामिन श्वास बऱ्याच अंशी चालू ठेवतं, म्हणून साधनं कमी असलेल्या रुग्णालयांचं ते लाडकं. मात्र तोंडात लाळ वाढवतं, आणि उठताना रुग्णाला भयानक स्वप्नं पडतात, हे दाताच्या कामात दोन्ही बाजूंनी गैरसोयीचं. मिडाझोलाम गुंगी आणतं, घडलेलं पुसून टाकतं, आणि जरूर पडली तर त्याच्यावर उतारा देता येतो, पण पेंग लांबते. प्रोपोफॉल १९७७ मध्ये पहिल्यांदा रुग्णांना दिलं गेलं, विद्रावकामुळे येणाऱ्या तीव्र अॅलर्जीने मागे घ्यावं लागलं, आणि सोयाबीन तेलाच्या पांढऱ्या दुधासारख्या मिश्रणात १९८६ मध्ये परत आलं. ठिपके जोडण्यात, सरळ रेषेत चालण्यात, मळमळ कमी असण्यात ते थायोपेंटोन-मेथोहेक्सिटोनच्या पुढे गेलं. घरी लवकर पाठवायचं असेल तर आज पहिलं नाव त्याचं. मात्र सिरिंजचा दट्ट्या जरासा जास्त पुढे सरकला तर श्वास थांबवण्यातही ते पहिलं, आणि तोंडातल्या कामात भूलतज्ज्ञ आणि दंतवैद्य दोघांना तीच जागा हवी असते. गळ्यात रक्त आणि पाणी उतरत असताना श्वासमार्ग सांभाळणारा वेगळा माणूस लागतो.

या सगळ्यात लॉरी आणि स्नो यांच्या वादाचा निकाल बोटाला लावायच्या एका चिमट्याने लावला. जपानमध्ये ताकुओ आओयागी याने १९७४ मध्ये प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी एकत्र मोजण्याची युक्ती शोधली. श्वासाकडे बघा की हृदयाकडे, यात निवड करण्याची गरज उरली नाही. कोविडनंतर हे यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, खेड्यातल्या घराघरांत पोचलं, आणि दाताच्या दवाखान्यात झोपेचं औषध देताना ते नसेल तर काम सुरू करू नये असं आता मानतात.

जागं होण्याच्या वेळेचे हे हिशेब शहरांत केले गेले, जिथे रुग्ण नातेवाइकाच्या मोटारीत बसून वीस मिनिटांत घरी पोचतो. गंगाखेड, पालम किंवा सोनपेठहून परभणीला आलेल्याचं तसं नसतं. त्याला एसटी पकडायची असते, उतरून पुढे शेतातल्या वस्तीवर जायचं असतं, आणि सोबतीला कुणी नसलं तर मोटारसायकल स्वतः चालवायची असते. मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल घेतलेल्याने चोवीस तास वाहन चालवायचं नाही, हा नियम त्याच्यासाठी कागदावरचाच राहण्याची भीती. म्हणून इथला दंतवैद्य लिग्नोकेनलाच चिकटून राहतो, आणि मुलाला झोपवायचंच असेल तर भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात, सकाळी लवकर, उपाशीपोटी बोलावतो. लिग्नोकेनची जाग वेगळीच: डोकं शाबूत, पण ओठ आणि जीभ दोन-तीन तास सुन्न. लहान मुलं गंमत म्हणून तोच ओठ चावून सुजवून घेतात, त्यामुळे आईला बजावून सांगावं लागतं. आर्टिकेन हे १९७० च्या दशकात जर्मनीत वापरात आलेलं औषध रक्तातच लवकर विघटित होतं, त्यामुळे रक्तात साठून होणारा त्रास कमी संभवतो, पण ओठाची सुन्नता त्यानेही लगेच जात नाही. ती लवकर उतरवणारं इंजेक्शन अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झालं. ते परवडण्यासारखं नाही, आणि सुन्न ओठाने शेवटच्या एसटीत बसून घरी जायला कुणाची हरकतही नसते.